'नवीन मॉडेलमध्ये हा प्रॉब्लेम येत नाही'

शनिवारी उशिरा उठावं, आल्याचा चहा घेऊन गॅलरीत बसावं आणि आठवडाभराची तुंबलेली मेल चाळावी, हा आमचा विकांताचा ठरलेला कार्यक्रम. मागच्या शनिवारी सगळ्यात वरची मेल होती माझ्या हेडफोन अ‍ॅम्पच्या कंपनीची. काळ्या पार्श्वभूमीवर एक चकचकीत डबी, वर सोनेरी अक्षरांत नव्या पिढीच्या आवाजाची द्वाही, आणि पार तळाला मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात एक ओळ: आधीच्या मॉडेलचं उत्पादन आणि फर्मवेअर सपोर्ट बंद होत आहे.

हे आधीचं मॉडेल म्हणजे माझ्या खिशातलं. चहा गार झाला.

ज्यांना हेडफोन अ‍ॅम्प म्हणजे काय हेच ठाऊक नाही (आणि म्हणून जे माझ्यापेक्षा सुखी आहेत), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. डॅक नावाची चिप त्या आकड्यांची विजेची लहर करते आणि अ‍ॅम्प ती लहर हेडफोनचा पडदा हलवण्याइतकी जोरकस करतो. ही दोन्ही कामं पूर्वी फोन स्वतःच करायचा. २०१६ साली अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला. बाकीच्यांनी आधी टिंगल केली आणि मग गुपचूप तेच केलं. तेव्हापासून वायरचे हेडफोन वापरणाऱ्या आमच्यासारख्या हट्टी मंडळींना काडेपेटीएवढी एक डबी फोनला लटकवून फिरावं लागतं. हिंजवडीच्या बसमध्ये दीड तास जातो. तेवढ्या वेळात किशोरीताईंचा भूप नीट ऐकायला मिळावा एवढीच माफक अपेक्षा.

२०२१ मध्ये मी साडेआठ हजार रुपये मोजून पहिली डबी घेतली. (कंपनीचं नाव घेत नाही. एकाच कंपनीला झोडपून विषय संपणार असता तर नाव घेतलं असतं.) आठ महिन्यांत तिच्या नावापुढे 'एस' लागलेली डबी आली. तेव्हा मोह आवरला. २०२३ मध्ये 'मार्क टू' आली, तेव्हा नाही आवरला. अकरा हजार गेले. आता 'प्रो'. हे फक्त एका कंपनीचं नाही, सगळा बाजारच असा आहे. फियो नावाची चिनी कंपनी घ्या. (माझी डबी त्यांची नाही आणि त्यांच्या वस्तूंबद्दल माझी तक्रारही नाही.) ब्लूटूथवर चालणाऱ्या त्यांच्या एकाच मालिकेत २०१८ पासून सात वर्षांच्या आत बीटीआर १, ३, ५, ३के, '५ - २०२१', ७, १५, १३ आणि १७ एवढी नावं होऊन गेली. होय, १५ आधी आला आणि १३ नंतर. आमच्या हापिसात कोणी असे व्हर्जन नंबर दिले तर त्याला कोड रिव्ह्यूमध्ये उभा आडवा घेतील.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तंत्रज्ञान पुढे जातंय, तुला काय त्रास? नको घेऊस नवीन. बरोबर आहे. मीही तेच म्हणत होतो. पण आधी हे तंत्रज्ञान नेमकं किती पुढे जातंय ते मोजून पाहू. आपण इंजिनियर आहोत, निदान पदवीवर तरी.

माझ्या पहिल्या डबीवर लिहिलं होतं, ३२ ओहमला २२० मिलिवॅट. मार्क टूवर ३०० मिलिवॅट. जाहिरातीत हा फरक 'छत्तीस टक्के जास्त ताकद' असा येतो. पण आपला कान टक्क्यांत ऐकत नाही, डेसिबलमध्ये ऐकतो. २२० वरून ३०० म्हणजे जेमतेम १.३५ डेसिबल. गाणं चालू असताना कोणी आवाज तेवढा वाढवला तर बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. शिवाय ही ताकद हवी कोणाला? साध्या इअरफोनला एक मिलिवॅट दिला की १०० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. ८० डेसिबल, म्हणजे मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये असं जागतिक आरोग्य संघटना ज्या पातळीबद्दल सांगते तेवढा आवाज, काढायला एक मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. मध्येच तबल्याची थाप जोरात आली, तिला वीस डेसिबल जादा धरले, तरी हिशोब एका मिलिवॅटवर थांबतो. काही ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनांना जास्त व्होल्टेज लागतं, मान्य. पण बसमध्ये ते कोण घालतं?

पुढचा आकडा सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराचा. जुन्या डबीत ११८ डेसिबल, नव्यात १२०. सीडीवरच्या सोळा बिटांत मुळात मावतात सुमारे ९६. म्हणजे ९६ लिटरच्या पिंपासाठी आधी ११८ लिटरची टाकी होती, आता १२० लिटरची आणली. त्यात ज्या खोलीत बसून ऐकायचं ती अगदी शांत असली तरी तिचा स्वतःचा आवाज तीसएक डेसिबलचा. आणि हिंजवडीच्या बसचा किती, ते तुम्हीच सांगा.

तिसरा आकडा विकृतीचा, म्हणजे मूळ लहरीत अ‍ॅम्प किती भेसळ करतो त्याचा. ०.०००४ टक्क्यांवरून ०.०००३ टक्के. हेडफोनचा पडदा बिचारा स्वतः याच्या शेकडो पट भेसळ करत असतो. समुद्रात मीठ घालताना चिमूट मोजून घालण्यातला प्रकार.

कागदावर हे सगळं मला २०२३ मध्येही कळत होतं. तरी अकरा हजार दिले. कारण 'पडदा दूर झाल्यासारखा आवाज' असं सगळे लिहीत होते, आणि डबी आल्यावर मलाही अगदी तसंच ऐकू आलं. मित्रांना फोन करकरून सांगितलं. त्यातल्या दोघांनी घेतलीसुद्धा. (त्यांची जाहीर माफी इथेच मागून टाकतो. चहा माझ्याकडून.)

मग गेल्या वर्षी एका पावसाळी रविवारी, काहीच उद्योग नव्हता म्हणून, बायकोला हाताशी धरून परीक्षा घेतली. दोन्ही डब्या टेबलावर, मी पाठ करून बसलेलो, आणि बायको नाणं उडवून ठरवणार की कुठली जोडायची. पहिल्या सहा वेळा दोन्हींचा व्हॉल्यूम एकाच आकड्यावर ठेवला. सहाच्या सहा वेळा मला मार्क टू ओळखता आली. मी विजयी मुद्रेने वळलो. मग लक्षात आलं की त्याच आकड्यावर मार्क टूचा आवाजच मुळात थोडा मोठा येतोय. दोन सारख्या आवाजांतला किंचित मोठा आवाज माणसाला 'जास्त चांगला' वाटतो, ही हाय-फाय दुकानदारांची फार जुनी युक्ती. म्हणून मल्टीमीटर काढला. साधा मल्टीमीटर वरच्या पट्टीत धड मोजत नाही, म्हणून ६० हर्ट्झचा स्वर लावला आणि दोन्हीकडचं व्होल्टेज जमेल तितकं सारखं केलं. पुन्हा सोळा फेऱ्या. निकाल: सोळापैकी नऊ बरोबर.

नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तर सरासरी आठ बरोबर आली असती. नशिबाचा भाग नाही असं छातीठोक म्हणायला निदान बारा हवी होती. बायकोने वहीत शेवटची खूण केली, वही मिटली आणि एवढंच विचारलं, "मग अकरा हजार नक्की कशाचे दिलेस?"

तर हे आहे ते पुढे गेलेलं तंत्रज्ञान. माझं सरळ म्हणणं आहे की खिशातल्या हेडफोन अ‍ॅम्पचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी चू मोय नावाच्या माणसाने एक ऑप-अँप, नऊ व्होल्टची बॅटरी आणि मूठभर सुटे भाग यांचा नकाशा सगळ्यांसाठी मांडला. लोकांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला आणि जगभर तशा डब्या तयार झाल्या. २०११ मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनियरने ऑब्जेक्टिव्ह टू, म्हणजे ओटू, नावाचा अ‍ॅम्प आखला. स्वस्त आणि जुन्याच चिपा वापरल्या, एकेक गोष्ट मोजून दाखवली आणि सगळं डिझाइन लोकांसमोर ठेवलं. कोणीही बांधावा. आत नऊ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या. दमल्या की नव्या घालायच्या. २०१२ मध्ये हा माणूस एकाएकी लिहायचा थांबला, तो आजतागायत कोण होता हे बाहेर आलेलं नाही. त्याच्यामागे ना 'ओटू एस' आला, ना 'ओटू प्रो'. ज्यांच्याकडे तो आहे त्यांचं काही अडलेलं नाही.

आणि आवाज खरोखर ज्याच्यावर ठरतो, तो हेडफोन? सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा, स्टुडिओंमध्ये कित्येकांच्या डोक्यावर असतो तोच. कॉसचा पोर्टा प्रो तर १९८४ चा, म्हणजे आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा वयाने मोठा. तिन्ही त्याच नावाने आजही विकत मिळतात. कानाचे गुबगुबीत पॅड झिजले की नवे घालायचे आणि पुढे ऐकायचं. म्हणजे गंमत बघा. आवाजावर ज्या वस्तूचा सगळ्यात जास्त परिणाम, ती तीस-चाळीस वर्षं टिकून आहे. ज्या वस्तूचा सगळ्यात कमी, तिचं दर दीड वर्षाला बारसं!

कधीकधी व्हर्जन बदलावंच लागतं, हे मी नाकारत नाही. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्याला मोठी आग लागली. डॅकच्या चिपांसाठी अर्ध्या बाजाराचं पान तिच्यावाचून हलत नव्हतं. चिपाच मिळेनाशा झाल्यावर अनेक कंपन्यांना दुसऱ्यांच्या चिपा घालून तीच वस्तू पुन्हा आखावी लागली. यात कोणाची लबाडी नाही. जुनं मायक्रो-यूएसबी जाऊन यूएसबी-सी आलं, तेही चांगलंच झालं. पण अशी कारणं दहा वर्षांत दोन-तीन. बाकीची कारणं कॅलेंडरची आहेत. दिवाळी, अकरा-अकराचा सेल, समीक्षकांना पाठवायला काहीतरी नवीन हवं, आणि जुन्या मालाची किंमत उतरायला लागली की तो बाजारातून काढायचा. खोटं वाटत असेल तर जॅककडे बघा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणिसाव्या शतकात आलेला पाव इंची प्लग आणि त्याचं ३.५ मिलिमीटरचं बाळ अजून ठणठणीत आहे. आमच्या डब्यांत मात्र 'बॅलन्स्ड'च्या नावाखाली आधी २.५ मिलिमीटरचं भोक आलं. त्याची वायर मी हौसेने घेतली, आणि मार्क टूमध्ये ते भोक जाऊन ४.४ चं आलं. ती वायर आता कपड्यांच्या दोरीला गाठ मारायला वापरतो. (खरंच.)

इथपर्यंतचं सगळं म्हणजे हौसेला मोल नसतं म्हणून सोडून देण्यासारखं. माझे पैसे, माझा मूर्खपणा. चीड आली ती पुढच्या प्रकाराने.

मार्क टू आल्यावर पहिली डबी कपाटात पडून होती. २०२४ मध्ये काढली तेव्हा बॅटरी अर्धा तासही धरेना. सर्व्हिस सेंटरला फोन केला. हे मॉडेल बंद झालं, स्पेअर येत नाहीत, पण एक्स्चेंजमध्ये नवीन घेतलंत तर दहा टक्के सूट देऊ, असं उत्तर आलं. मग डबी घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी हेअर ड्रायरने शेकून गोंद मऊ केला आणि पातं घालून ती उघडली. "साहेब, सेल तर नेहमीचाच आहे. चिकटवलाय असा की कोणी काढू नये." साडेतीनशे रुपये घेतले आणि अर्ध्या तासात डबी पुन्हा सात तास चालायला लागली. झाकण मात्र नीट बसेना, म्हणून वर पोस्टाच्या गठ्ठ्याला लावतात तसं रबरबँड लावून दिलं.

ती डबी मी साताऱ्याला बाबांना दिली. बाबा निवृत्त शिक्षक. छोटा गंधर्व आणि वसंतराव म्हणजे जीव की प्राण. हल्ली ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे टीव्ही मोठा लावतात आणि आई वैतागते. हेडफोन लावून ते रात्री दहा-दहा वाजेपर्यंत एकटेच मान डोलवत बसायला लागले. आई म्हणाली, बरं झालं बाई.

मग एक दिवस फोनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. फोनने विचारलं, बाबांनी शहाण्या माणसासारखं 'हो' म्हटलं. त्यानंतर डबी जोडली की फोनच्या पडद्यावर आवाज निम्म्यावर दिसायचा, पण डबीचा आतला व्हॉल्यूम थेट टोकाला जाऊन बसायचा. हे बाबांना कळणार कसं? हेडफोन कानावर, बोट फोनवर, आणि पहिलाच आवाज पूर्ण ताकदीने. वर मी जो हिशोब मांडला तोच उलटा करून बघा. २२० मिलिवॅट म्हणजे त्या इअरफोनात कागदावर १२३ डेसिबल. ज्या 'ताकदी'ची कोणाला गरज नव्हती ती अखेर कामाला आली! रेकॉर्डिंग जुनं आणि हळू आवाजातलं होतं म्हणून थोडक्यात निभावलं. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. बाबांनी हेडफोन गुंडाळून खणात ठेवले आणि मला फोनवर म्हणाले, "राहू दे रे. मला आपला रेडिओ बरा."

मी कंपनीला लिहिलं. फोनचं मॉडेल, अपडेटचा नंबर, काय केल्यावर काय होतं याच्या पायऱ्या, सगळं. असा बग रिपोर्ट माझ्या टीममध्ये कोणी लिहिला तर मी त्याला पेढे देईन. चार दिवसांनी उत्तर आलं. एकच वाक्य: नवीन मॉडेलमध्ये हा प्रॉब्लेम येत नाही.

म्हणजे चूक कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. दुरुस्त कशी करायची हेही ठाऊक होतं, कारण मार्क टूच्या एका अपडेटच्या टिपणात 'जोडल्यावर आवाज खालून सुरू होईल' अशी ओळच आहे. तीच ओळ जुन्या डबीपर्यंत पोचवायची नाही, एवढंच ठरलं होतं. ती ओळ हवी असेल तर दुकानात जाऊन विकत घ्यायची. याला मी अपग्रेड म्हणत नाही. आपण बांधलेल्या पुलाचा कठडा तुटलाय हे माहीत असून तो दुरुस्त न करता शेजारी टोल लावून दुसरा पूल बांधण्यातला हा प्रकार आहे.

आणि आता जरा अवघड भाग. ते वाक्य वाचून मी टेबलावर मूठ आपटली खरी, पण ते वाक्य मला ओळखीचं होतं. कारण ते मी स्वतः लिहिलेलं आहे. अगदी तसंच नाही, जरा पॉलिश करून. काही वर्षांपूर्वी आमच्या एका छोट्या ग्राहकाचा रिपोर्ट महिनाअखेरीला चुकीची बेरीज दाखवायचा. चूक आमचीच होती, सात पॉइंट दोनमध्ये सुधारली होती. त्यांच्याकडे सहा पॉइंट काहीतरी. जुन्या शाखेत ती दुरुस्ती घालायला मला एक दिवस लागला असता. पण मॅनेजर म्हणाला, सहावर आता हात लावायचा नाही, आणि मी मुकाट्याने लिहिलं की हा दोष ताज्या आवृत्तीत दूर करण्यात आला आहे, कृपया अपग्रेड करावे. लायसन्सचे पैसे वेगळे. तिकिट बंद केलं आणि जेवायला गेलो. त्या महिन्याच्या बेरजा तिथे कोण हातानं करत बसलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. बाबांच्या कानात शिट्टी वाजल्यावर आला.

म्हणून हे नुसतं कंपन्यांना शिव्या देण्याचं काम नाही. ही सवय आपल्या धंद्याने जगाला लावली. 'नवीन व्हर्जन' हे आपलं नाणं. आपल्याकडे तोटा निदान डिस्कवरच्या जागेचा. हेच नाणं डब्यांच्या बाजारात चालायला लागलं की लिथियमचे सेल, तांबं आणि प्लास्टिक कचऱ्यात जातं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. त्यात माझी डबी चिमूटभर. पण चिमटीनेच तो ढीग झाला.

आणि आपल्याच धंद्यात दुसरी परंपराही आहे की. डोनाल्ड कनूथ यांचं टेक्स घ्या, गणिताची पुस्तकं जुळवायला वापरतात ते. त्याच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला 'पाय'च्या एकेक अंकाने पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. नवीन करामती नाहीत, फक्त चुका कमी करत जायच्या. किंवा उबुंटूची एलटीएस आवृत्ती. दर दोन वर्षांनी येते, आणि पाच वर्षं आम्ही तुला सांभाळू असं आधीच लिहून देते. फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला जे जमतं ते अकरा हजारांच्या डबीला का जमू नये?

माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, डबीच्या खोक्यावर विक्री कधी बंद होणार ते नका लिहू, पण दुरुस्त्या किती वर्षं मिळणार ते लिहा. निदान पाच. आणि ज्या चुकीने कानाला इजा होऊ शकते, तिला मुदतच नको. दोन, बॅटरी दोन स्क्रू काढून बदलता आली पाहिजे. हे काही माझं दिवास्वप्न नाही. युरोपियन संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमात हीच अट आहे, तारीख १८ फेब्रुवारी २०२७. फ्रान्समध्ये २०२१ पासून ठरावीक वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. पोर्टल चांगलं आहे, पण पोर्टलने बॅटरी निघत नाही. तीन, नवीन व्हर्जनला नवीन म्हणायचं असेल तर आवाजाची पातळी सारखी करून, डोळे झाकून ऐकणाऱ्याला फरक कळला पाहिजे. नाही कळला तर खुशाल रंग बदला, नाव तेच ठेवा.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. 'ताज्या आवृत्तीत दूर करण्यात आला आहे' हे वाक्य टंकायच्या आधी, जुनी आवृत्ती कोणाच्या कानावर आहे हे एकदा विचारून बघायचं. सोमवारी मी आमच्या जुन्या शाखेतल्या बंद केलेल्या तिकिटांची यादी काढणार आहे. मॅनेजर काय म्हणेल ते म्हणेल.

असो. कंपनीच्या मेलखालच्या 'अनसबस्क्राइब'वर टिचकी मारली आणि दुपारी पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. काकांनी बाबांच्या हेडफोनच्या वायरीत प्लगपाशी चार रेझिस्टर बसवून दिले. आता डबी कितीही बोंबलली तरी कानापर्यंत पोचणारा आवाज वीस डेसिबलने खाली राहतो. मल्टीमीटरने दोनदा तपासलं. खर्च ऐंशी रुपये, त्यातले साठ काकांच्या हातांचे. मी त्यांना म्हटलं, काका, हे कंपनीला जमलं नाही. ते म्हणाले, "जमलं असतं हो, पण मग नवीन कोण घेणार?"

पुढच्या शनिवारी साताऱ्याला जातोय. रबरबँड नवीन लावलंय. बाबा हेडफोन पुन्हा कानाला लावतील की नाही, सांगता येत नाही. आधी मी स्वतः लावून दाखवणार आहे.